आधी डबा, मग कॅमेरा

चिपळुणात एखाद्या पोराने "मला फोटोग्राफी शिकायचीय" असं जाहीर केलं की घरचे विचारतात, "आणि पोटापाण्याचं काय?" बाहेरचे विचारतात, "कुठला घेतोयस?" यातला दुसरा प्रश्न जास्त महागात पडतो. पहिल्याला उत्तर नसतं, त्यामुळे तो जेवणाच्या ताटावरच संपतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र चिंचनाक्यापासून बहादूरशेख नाक्यापर्यंत ज्याच्या-त्याच्याकडे तयार असतं, आणि पुढचं प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा वीस हजारांनी मोठं.

"घ्यायचाच तर फुलफ्रेम घे, नाहीतर नंतर पस्तावशील." हे सांगणाऱ्याचा स्वतःचा फुलफ्रेम कपाटाच्या वरच्या खणात, गणपतीच्या मखरामागे, मागच्या लग्नसराईपासून झोपलेला असतो. "आता मिररलेसचा जमाना, डीएसएलआर म्हणजे भंगार." हे सांगणारा स्वतःचा डीएसएलआर विकायला काढून बसलेला असतो आणि त्या भंगाराचे पंचवीस हजार मागत असतो. "कॅमेरा कशाला, त्या पैशात मोबाइल घे चांगला." हा मोबाइलच्या दुकानदाराचा मेव्हणा. तिघांची भांडणं कितीही असोत, एका बाबतीत एकमत आहे. आपण चिपळुणात राहतो ही गोष्ट तिघांपैकी कोणीही हिशेबात धरत नाही.

युट्यूबवरचा परीक्षकही धरत नाही, पण त्याला माफ आहे. तो वातानुकूलित खोलीत बसून, मागे निळे-जांभळे दिवे लावून, डोळ्याच्या फोकसविषयी बोलत असतो. जून ते सप्टेंबर हा विषय त्याच्या अभ्यासक्रमात नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत मिठाला पाणी सुटतं, चामड्याच्या चपलेवर हिरवी लव येते, कपाटातल्या शालूचा वास बदलतो. अशा घरात लाखभर रुपयांची काच मऊ अस्तराच्या काळ्या बॅगेत घालून, चेन लावून, कपाटात ठेवायची आणि दिवाळीला काढायची, ही आपली कॅमेरा सांभाळण्याची पद्धत. दिवाळीला लेन्समधून पाहिलं की आत कोळ्याने जाळं विणल्यासारख्या बारीक रेषा दिसतात. ती बुरशी. दुकानदाराने दिलेल्या वॉरंटी कार्डावर तिचं नाव शोधू नका, मिळणार नाही.

बुरशीला काच खायची नसते. तिला काचेवरची धूळ, बोटाचं तेल आणि दमट अंधार पुरतो. सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की तिचं फावतं, आणि आपल्याकडे श्रावणात हा आकडा कोरड्या दिवसातही साठच्या खाली उतरत नाही. वाढता वाढता ती आम्ल सोडते, ते आम्ल काचेवरचा लेप खातं. वेळीच लक्षात आलं तर कारागीर लेन्स खोलून पुसून देतो, उशीर झाला तर बुरशी जाते आणि तिचा नकाशा काचेवर कायमचा राहतो. सर्वांत वाईट म्हणजे कॅमेऱ्याबरोबर हौसेने घेतलेलं चामड्याचं कव्हर. ते ओलावा धरून ठेवतं आणि स्वतःही बुरशीला जेवायला घालतं.

तेव्हा होतकरू फोटोग्राफरची पहिली खरेदी बोहारणीकडच्या डब्याची. बोहारीण आता येत नसेल तर बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून रबराची गोल पट्टी आणि चारी बाजूंना कड्या असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्यावा. त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळाएवढं छोटं यंत्र. सगळं मिळून हजार रुपयांच्या आत-बाहेर. यंत्रावरचा आकडा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. सिलिका निळी असेल तर ओली झाल्यावर गुलाबी होते, नारिंगी असेल तर हिरवट. रंग बदलला की मंद आचेवर परतून पुन्हा वापरात. मात्र ती कढई मग त्याच कामाला राहू द्या, त्यात पोहे करू नका, निळ्या रंगामागे कोबाल्टचा क्षार असतो. आजी लोणच्याच्या बरणीची जेवढी काळजी घेते तेवढी लेन्सची घेतली तरी पुष्कळ झालं: कोरडे हात, घट्ट झाकण, आणि कोणी उघडली यावर करडी नजर.

कोणी तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायला सांगेल. त्याला तांदूळच खाऊ द्या. तांदळाची भुकटी बटणांच्या फटीत जाते आणि ओलावा तो जेमतेम ओढतो. जुने स्टुडिओवाले यापेक्षा हुशार होते. त्यांच्या लाकडी कपाटात कमी वॅटचा एक बल्ब पावसाळाभर पेटता असे, त्याच्या उबेने कपाट कोरडं राही. हा सल्ला ऐकून हल्लीच्या पिढीने कपाटात एलईडी दिवा लावला. उजेड छान पडतो, ऊब नावाला नाही, आणि बुरशी स्वच्छ प्रकाशात वाढते.

आता कॅमेरा. इथे मी फार वेळ घालवणार नाही, कारण जगाने या विषयावर आधीच फार वेळ घालवला आहे. २००३ साली कॅननने ३००डी काढला आणि डीएसएलआर पहिल्यांदा अमेरिकेत हजार डॉलरच्या खाली आला. सहा मेगापिक्सेलचा होता, आणि त्यावर काढलेले लोकांचे लग्नाचे अल्बम अजून शाबूत आहेत. लग्नं शाबूत आहेत की नाहीत तो भाग वेगळा. त्यानंतर आकडे वाढत वाढत चोवीसवर आले आणि सामान्य माणसाची गरज तिथेच संपली. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० बाय ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपक्यांच्या चोख छपाईने हा फोटो २० बाय १३ इंचांचा होतो. एवढा मोठा फोटो तुमच्या घरात फक्त आजोबांचा आहे, आणि तोही हार घालायला सोयीचा म्हणून.

तेव्हा निकॉनचा डी३५०० (२०१८), डी५६०० (२०१६) किंवा कॅननचा २००डी (२०१७) यांपैकी एखादा नीट वापरलेला मिळाला की शोध थांबवावा. निकॉनने डी३५०० बनवणं बंद केलं आहे, हे सांगून कोणी नाक मुरडेल. कंपनीने बनवणं थांबवलं म्हणून त्याने फोटो काढणं थांबवलेलं नाही. उलट सगळी मंडळी मिररलेसकडे धावत असल्यामुळे या बिचाऱ्यांचे भाव उतरलेत, आणि गरिबाला एवढी संधी क्वचित मिळते. ज्याच्याकडे थोडे जास्त पैसे आहेत त्याने २०२३ मध्ये आलेले कॅननचे आर५० किंवा आर१०० पाहावेत, हलके आहेत. नव्या लेन्स महाग वाटल्या तर कंपनीचं जोडकडं लावून कॅननच्याच जुन्या ईएफ लेन्स त्यावर चालतात, फोकसही स्वतः करतात. एवढं बोललो म्हणजे मिररलेसवाल्यांची पत्रं येणार नाहीत.

सेकंडहँड घेताना चिपळूणकराने एक जास्तीची तपासणी करायची असते. ती पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचणार नाही. २२ जुलै २०२१. पूर आला, वाशिष्ठी आणि शिवनदी बाजारपेठेत शिरल्या, तळमजले बुडाले, त्यात कपड्यांची, औषधांची, किराण्याची दुकानं होती तशी फोटो स्टुडिओंचीही सामग्री होती. २६ जुलै २००५ च्या पुराची आठवण ज्यांना होती त्यांनीही सामान वर न्यायला फार वेळ मिळाला नाही असंच सांगितलं. पाणी ओसरल्यावर जे जे पुसता येण्याजोगं होतं ते लोकांनी पुसलं, उन्हात ठेवलं. त्यात चूक काय? पोटावर चिखल आला की माणूस तेच करणार. पण वस्तू हातोहात फिरते, शहर बदलते, आणि दोन मालकांनंतर "घरगुती वापर, एकदाच मुंजीला नेलेला" या मजकुरासह परत येते. त्यामुळे कॅमेरा हातात आला की आधी बॅटरीचं झाकण उघडा, आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज आहे का पाहा. वर फ्लॅश सरकवायची खाच असते, तिच्या कडा पाहा. तळाचे स्क्रू पाहा, ते तांबूस झाले असतील तर कॅमेरा पोहायला शिकलेला आहे. मग लेन्स काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. जाळी, ठिपके, धुक्यासारखा पडदा, सगळं टॉर्चपुढे कबुली देतं. विक्रेता म्हणेल, "एवढं कोण बघतं?" असं म्हणणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका.

शटर किती वेळा उडालं याचा आकडाही विचारावा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण लाखभर फोटोंच्या हिशेबाने बनवलेलं असतं. लग्नाच्या फोटोग्राफरकडचा घेतलात तर त्यातले ऐंशी हजार वरमाला आणि हळदीत गेलेले असू शकतात. एखाद्या डॉक्टरच्या हौसेचा घेतलात तर आकडा हजाराच्या आत सापडेल. डॉक्टर, प्राध्यापक आणि बँकेतून निवृत्त झालेले लोक ही सेकंडहँड बाजारातली सोन्याची खाण, त्यांना फक्त घ्यायला आवडतं.

इथे मनासारखं मिळालं नाही तर मांडवी एक्सप्रेस आहेच. सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या बोरा बाजारात चालत जाता येतं, तिथे कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत. दहा दुकानं पालथी घाला, पण बिल घ्या, आणि भारतातली वॉरंटी आहे का ते तोंडी नको, कागदावर विचारा. बाहेरून बिनबोभाट आलेला माल चार हजारांनी स्वस्त असतो. बिघडला की दुरुस्तीला मुंबई-पुण्याच्या खेपा घालायच्या, आणि तिथला माणूस सीरियल नंबर पाहून मान हलवणार. तेव्हा ते चार हजार एसटीने परत जातात. हां, एक दिलासा सरकारने दिला होता तोही नोंदवतो. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ टक्के होता, तो जानेवारी २०१९ पासून १८ झाला. चैनीच्या वस्तूंच्या पंगतीतून कॅमेरा एक पाट खाली सरकला.

खरा पैसा घालायचा तो लेन्सवर, आणि इथे पुन्हा आपलं गाव निर्णय देतं. कॅमेऱ्याबरोबर जी १८-५५ ची किट लेन्स येते तिचं तोंड ५५ ला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ १.८ ची साधी ५० मिमी लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दसपट उजेड आत घेते. दसपट म्हणजे काय ते आषाढात दुपारी तीन वाजता कौलारू घराच्या माजघरात उभं राहिलं की कळतं. आजी विळीवर फणस चिरतेय, खिडकीतून एक फिकट पट्टा येतोय, बाकी सगळा काळोख. किट लेन्सवर शटर एक दशांश सेकंदावर येऊन बसतं आणि आजीचा हात, विळी आणि फणस यांचा एकत्र शिरा होतो. १.८ वर तेच शटर एक शतांशाला जातं आणि फणसाचा चीकसुद्धा दिसतो. कॅननची ५० एसटीएम (२०१५) नवीन घेतली तरी हल्ली दहा हजारांच्या आसपास येते. निकॉनवाल्याने जपून घ्यावी: डी३५०० आणि डी५६०० यांच्या पोटात फोकसची मोटर नाही. त्यामुळे स्वस्त मिळाली म्हणून जुनी ५० एफ १.८ डी उचलली तर फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. एएफ-एस लिहिलेलीच घ्यायची. विकणारा हे सांगत नाही, कारण त्याला ते दोन वर्षांपूर्वी असंच कोणी सांगितलं नव्हतं.

पण होतकरूचं मन ५० वर रमत नाही. त्याला मगर हवी असते. वाशिष्ठीत मगरी आहेत, बोटीतून दाखवायलाही नेतात, आणि दिसली मगर की प्रत्येकाला तिचा डोळा चौकटभर हवा असतो. मग धनेश हवा, समुद्री गरुड हवा, आणि त्यासाठी १५०-६०० ची ती तोफ हवी. तिच्या किमतीत एक बऱ्यापैकी सेकंडहँड स्कूटर येते, आणि स्कूटर निदान पेट्रोलवर चालते. तोफ खांद्यावर चालते. माझं म्हणणं, पहिली दोन वर्षं मगरीला तिच्या जागी राहू द्या. दुरून काढलेल्या मगरीच्या फोटोत नदी येते, खाजण येतं, मासेमारीची होडी येते, म्हणजे चिपळूण येतं. डोळा चौकटभर आला की ती मगर पेठमापची की प्राणिसंग्रहालयातली, हे आईलाही सांगता येत नाही.

जवळच्या लेन्सने जे होतं ते या जिल्ह्यात ओसंडून वाहतंय. उक्षीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यांचा फोटो भर दुपारी कितीही महाग कॅमेऱ्याने काढा, सपाट लाल दगड येईल. कोरीव रेषा उथळ आहेत, त्यांना सावली हवी, आणि सावली सूर्य जमिनीलगत असतानाच मिळते. म्हणजे तिथे लागणारं महागडं उपकरण पहाटे साडेपाचचा गजर. शिमग्याला रात्री पालखी नाचते तेव्हा १.८ लावा, आयएसओ ३२०० ला न्या, दाणे दिसले तर दिसू द्या. फ्लॅश मारलात तर ढोलवाल्यांचे चेहरे पोलीस ठाण्यातल्या फोटोंसारखे येतील आणि ग्रामदेवतेच्या मानकऱ्यांच्या शिव्या वेगळ्या. वेळासला मंडणगडच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्राकडे निघतात, तिथे तर फ्लॅश हात लावू नये अशीच गोष्ट आहे. कृत्रिम उजेडाने पिल्लांची दिशा चुकते. ज्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथलं कासवं वाचवण्याचं काम २००२ मध्ये सुरू केलं ती आपल्या चिपळूणचीच, त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्यांपेक्षा आपल्याला जास्त लाज वाटली पाहिजे.

राहिली तिपाई. परशुराम घाटाजवळच्या सवतसड्याला पावसाळ्यात जी गर्दी होते तिच्यातल्या बहुतेकांना धबधबा दुधासारखा पांढरा यावा असं वाटतं. त्यासाठी अर्धा सेकंद शटर उघडं हवं आणि तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये. आठशे रुपयांची ॲल्युमिनियमची तिपाई घाटातल्या वाऱ्यात तुमच्याआधी थरथरते. थोडी जड घ्या, मध्ये आकडा असलेली घ्या, त्याला बॅग अडकवा. आणि छत्री धरायला एक मित्र. सर्वांत स्वस्त ॲक्सेसरी ती, पण कुठल्याही दुकानात मिळत नाही, शिवाय तिला भजी लागतात. कुंभार्ली उतरून एसी गाडीतून आलात तर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. गार काचेवर दमट हवा बसते आणि लेन्स घामेजते. बॅगेतच राहू द्या अर्धा तास, तोवर भजी.

हे सगळं जमवून कॅमेरा घरी आला की खरी परीक्षा सुरू होते. मामाचा फोन येतो. "ताईचा साखरपुडा आहे पुढच्या रविवारी. जेवायलाच या सगळे. आणि हो, तू तो कॅमेरा घेऊन ये हं. बाहेरच्याला कशाला सांगायचं, तू आहेसच की." त्या दिवशी तुम्ही पंगतीत शेवटचे बसणार, फोटो चारशे काढणार, आणि पुढे सहा महिने "अजून पेनड्राइव्ह दिला नाहीस" हे ऐकणार. त्यावर एकच उपाय आहे. कॅमेरा डब्यात आहे, सिलिका कालच बदललीय, आठ दिवस डबा उघडायचा नाही म्हणून सांगितलंय असं ठोकून द्या. आठ दिवसांची अट साफ खोटी आहे. पण मामाला आर्द्रतेतलं काही कळत नाही, आणि कळत असतं तर त्याचा स्वतःचा कॅमेरा अजून चालू असता.